डिस्पोज्ड ऑफ

सिव्हिल लाइन्स. कोर्टाच्या भिंतीला लागून, कडुनिंबाखाली,
एक टेबल, एक टाइपरायटर, दोन स्टुलं.
एकतीस वर्षं मी इथे इंग्रजीतले शेवट टाइप केले,
पानाला आधी दोन रुपये, आता वीस.

मे महिन्यात कळा इतक्या तापायच्या
की 'एफ'वर बोट टेकलं की चटकन उचलावं लागे.
फायनल लिहायचं म्हणजे चटका आलाच.

पाचपावलीच्या कौशल्याबाई नंदेश्वर
आदेशाची नक्कल घेऊन आल्या.
"भाऊ, खालची ओळ तेवढी वाचून सांगा."
वाचली. डिस्पोज्ड ऑफ.
"म्हंजे? आमी जितलो का हारलो?"
म्हटलं, प्रकरण निकाली निघालं.
"निघालं तं निघालं. पण कोणाकडून?"
चौदा वर्षं त्या एका भिंतीपायी येत होत्या,
शेजाऱ्याची मोरी तिच्यात झिरपायची.
मी पुन्हा वाचलं. त्या ओळीत भिंत नव्हती.
पाणीही नव्हतं.
त्यांनी कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली,
"झिरपूनच राह्यलं नं अजून," म्हणाल्या,
मला नाही, कागदाला.

सेटल हा शब्द मात्र सगळ्यांचा लाडका.
पोरगा सेटल झाला का, असं सदरमध्ये कोणीही कोणाला विचारतं.
आणि माझ्या टेबलावर नवरा-बायको सेटल व्हायचे,
एकमेकांकडे न बघता,
अंगठीच्या ग्रॅमसकट, कुलरसकट.
मला वाटतं हा शब्द माठातला आहे.
गाळ खाली बसतो, वरचं पाणी निवळतं,
सगळे म्हणतात छान झालं.
मग कोणी तहानेला ओगराळं जरा खोल घालतं.

वकील देशकर एकदा फावल्या वेळात म्हणाले,
डिसाईडच्या पोटात लॅटिन सुरी आहे, मूळ अर्थ कापणं.
आणि आपलं ठरवणं?
ते चष्मा पुसत राहिले.
आपलं काय, चालता चालता थांबलं की ठरलं.
त्यांच्या तीन तारखा त्या दिवशी पुढे गेल्या होत्या.

घरी आम्ही शेवट हा शब्द तोंडात घेत नसू.
बांगडी फुटली की वाढली.
मंगळसूत्र तुटलं की वाढलं.
बाबा इतवारीतलं सुताचं दुकान रोज रात्री नऊला वाढवत,
आणि दुकान होतं तेवढंच राहिलं, आठ बाय सहा.
ते गेले त्या दिवशी बायांनी आईच्या बांगड्या वाढवल्या.
असंच म्हणाल्या: वाढवल्या.
हौदाच्या दगडावर.
नंतर मी हिरव्या काचा वेचल्या, मोजल्या.
होत्या बारा. भरल्या एक्केचाळीस.
भाषा खोटं बोलली असं नाही म्हणता येणार.

आज शेवटचं पान. एका पोराचा अर्ज,
पुण्याला चालला, गॅसचं कनेक्शन सरेंडर करतो.
सरेंडर! रिकामं सिलिंडर नेऊन द्यायचं
त्याला इंग्रजीत केवढी शरणागती.
त्याला म्हटलं, बावा, पैसे राहू दे.
राहू दिले त्याने. लगेच.

मशीनवर कापड टाकलं. सुतळी बांधली,
गाठ पहिल्यांदा चुकली.
चहावाला इद्रिस हातातली गाळणी झटकत:
"काका, बंद करून राह्यले का?"
क्लोज्ड, विथड्रॉन, स्ट्रक ऑफ,
सगळे बोटांच्या टोकांशी आले, स्पेलिंगसकट.

"नाही बा," म्हटलं, "वाढवून राह्यलो."

एक स्टूल सायकलला बांधलं.
दुसरं त्याच्याकडे ठेवलं.
नंदेश्वरबाई आल्याच, तर उभं नको राहायला.